आधी टाकी, मग कुदळ: मध्ययुगीन लाकडी मालवाहू जहाज खणून परत उभं कसं करतात

सोलापुरात बसून जहाजावर काय लिहायलाय, असं विचारणारे भेटणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. जुन्या जहाजांची जोडणी कशी करायची हे ज्याने जगाला शिकवलं तो रिचर्ड स्टेफी मुळात इलेक्ट्रिकल कामं करणारा माणूस. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या समुद्रापासून लांब असलेल्या एका छोट्या गावात घरचा धंदा सांभाळायचा आणि फावल्या वेळात जहाजांची मॉडेल बनवायचा. पुढे धंदा सोडून याच कामाला लागला, तुर्कस्तानात सेर्चे लिमानला सापडलेल्या ११ व्या शतकातल्या मालवाहू जहाजाचे तुकडे त्याने जुळवले आणि १९८५ ला त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यामुळे समुद्र नाही ही काय अडचण नव्हे.

दुसरं म्हणजे हे सगळं शास्त्र एकाच गोष्टीभोवती फिरतं, लाकूड वाळू द्यायचं नाही. मे महिन्यात गच्चीवर टाकलेली ओली चादर बघता बघता कडक होते अशा गावातल्या माणसाला वाळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि पाण्याचा हिशोब तर आपल्याला तोंडपाठ आहे, चार-पाच दिवसाआड नळ येतो म्हटल्यावर कुठल्या टाकीत किती लिटर हे घरातल्या पोरालाही सांगता येतं.

मुळात लाकूड टिकतंच कसं

हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

समुद्रात बुडालेलं लाकूड बहुतेक वेळा टेरेडो नावाचा किडा (खरंतर शिंपल्याच्या जातीचा प्राणी) पोखरून टाकतो. पण जहाज चिखलात गाडलं गेलं, म्हणजे ऑक्सिजन संपला, की किडा जगत नाही आणि बुरशीही चालत नाही, फक्त काही बॅक्टेरिया हळूहळू सेल्युलोज खात बसतात. शेकडो वर्षांनी काय उरतं तर लिग्निनचा, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकाचा सांगाडा आणि त्याच्या प्रत्येक पोकळीत भरलेलं पाणी. बाहेरून बघाल तर लाकूड एकदम ठणठणीत, रंध्याच्या खुणासुद्धा दिसतात, पण नख लावलं तर आत जातं. त्याला उभं ठेवलंय ते पाण्याने. ते पाणी उडायला लागलं की आतल्या बारीक नळ्या पृष्ठताणामुळे एकमेकींवर कोसळतात, लाकूड आकसतं, पीळ खातं, चिरा पडतात, आणि नंतर कितीही भिजवा, परत पहिल्यासारखं होत नाही.

लाकूड किती खराब झालंय ते मोजायची साधी पद्धत आहे. तुकड्यातल्या पाण्याचं वजन भागिले कोरड्या लाकडाचं वजन, गुणिले शंभर. ४०० टक्क्यांच्या वर गेलं तर फार खराब, १८५ ते ४०० मधलं मध्यम, त्याखाली बऱ्यापैकी धड. ४०० टक्के म्हणजे एक किलो लाकूड आणि चार किलो पाणी, विचार करा.

सापडलं तर पहिल्यांदा काय करायचं

काही करायचं नाही. खरंच. उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये गेली की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि बघायला गर्दी होते, तसं भीमेच्या किंवा सीनेच्या पात्रात कधी जुन्या होडीचं लाकूड उघडं पडलं तर ओढून काढायचं नाही, घरी न्यायचं नाही, पाण्याने धुवून उन्हात फोटोसाठी तर अजिबात ठेवायचं नाही. ज्या चिखलात होतं त्याच चिखलाने परत झाकायचं, फोटोत मोजपट्टी ठेवायची, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करायचं आणि तलाठी-तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू कलेक्टरला कळवायला सांगणारा कायदा १८७८ चा आहे आणि तो अजून लागू आहे, त्यातली मर्यादा दहा रुपयांची आहे बरं का. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, ते काम हौशी माणसाचं नाही. आपण हौशी लोकांनी नोंद, मॉडेल, मदत आणि पाणी एवढं सांभाळलं तरी लय झालं.

आणि हे फक्त युरोपात होतं असं नाही. केरळात अलप्पुळा जिल्ह्यात चेरथलाजवळ कडक्करपल्ली इथे २००२ ला नारळाच्या बागेत जुनं जहाज सापडलं, समुद्रात नव्हे, जमिनीखाली. किनारा सरकतो, खाडी बुजते, नदी पात्र बदलते, आणि बंदराचं शेत होतं.

खणायचं की नाही, हा खरा प्रश्न

युनेस्कोच्या २००१ च्या पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या करारात स्पष्ट म्हटलंय की आधी आहे तिथेच ठेवायचा विचार करा. मला हे पूर्ण पटतं. चिखलातलं जहाज फुकटात टिकतंय, बाहेर काढलेल्या जहाजाला दर महिन्याला पैसे लागतात. म्हणून खणायचं कधी, तर जहाजाला धोका असेल तेव्हा, म्हणजे बांधकाम येतंय, नदी खोल करायलेत, भूजल खाली चाललंय, असं काहीतरी.

मोठमोठी उदाहरणं बघितली तर बहुतेक अशीच निघाली. जर्मनीत ब्रेमेनला १९६२ ला वेसर नदीत बंदरासाठी ड्रेजिंग, म्हणजे तळाचा गाळ काढणं चालू होतं तेव्हा एक कॉग लागलं. कॉग म्हणजे उत्तर युरोपातल्या हान्सा या व्यापारी संघातल्या व्यापाऱ्यांचं पोटाड मालवाहू जहाज, सपाट तळ, उंच बाजू, एकच चौकोनी शीड. लाकडाच्या वलयांवरून कळलं की झाडं १३७८ ला तोडलेली, म्हणजे जहाज साधारण १३८० चं, आणि ते पूर्ण व्हायच्या आधीच पाण्यात वाहून गेलेलं. वेल्समध्ये न्यूपोर्टला २००२ ला नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रासाठी खड्डा खणताना १५ व्या शतकातलं जहाज मिळालं, तोवर पायाचे काँक्रीटचे पाइल त्याच्या अंगातून आरपार गेलेले होते. गावातले लोक रस्त्यावर उतरले म्हणून ते वाचलं.

टाकी

आता माझा मुद्दा. खणायला लागायचे महिने, आणि पुढच्या कामाला लागायची वर्षं, कधीकधी दशकं. ब्रेमेनचं कॉग १९६२ ला सापडलं आणि लोकांना पूर्णपणे बघायला मिळालं २००० ला. मधली जवळजवळ वीस वर्षं ते रसायनाच्या टाकीत होतं. म्हणून पहिली कुदळ मारायच्या आधी टाकी तयार पाहिजे, त्यात पाणी पाहिजे, आणि पुढची वीस वर्षं ते कोण भरणार हे कागदावर पाहिजे. हे नसेल तर चिखल परत ढकला आणि घरी जा, जहाजावर उपकार होतील.

हिशोब करून दाखवतो. समजा दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल अशी एक टाकी, भरायला सदतीस-अडतीस हजार लिटर, म्हणजे दहा हजाराचे चार टँकर. ही एक टाकी झाली, २० मीटरच्या जहाजाला अशा बऱ्याच लागतील. आता आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं, तीस चौरस मीटरच्या पृष्ठभागावर म्हणजे रोजचे तीनशे लिटर नुसते हवेत. म्हणून टाकी शेडमध्ये, वरून झाकलेली आणि अंधारी पाहिजे, अंधार शेवाळासाठी. पत्र्याची शेड नको, तापते. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, क्षारांचं, ते सुरुवातीच्या धुण्याला चालेल, पण शेवटच्या टप्प्याला गाळलेलं, क्षार काढलेलं पाणी लागतं. लोखंडी टाकी वापरू नका, गंज लाकडात उतरतो. सिमेंटच्या टाकीला आतून प्लास्टिकचा कागद, शेततळ्याला वापरतात तो जाड, एकदम मस्त चालतो.

प्रत्यक्ष खोदकाम

नदीपात्रात किंवा खाडीत असेल तर दोन रस्ते, एकतर पाणबुडे लावून पाण्याखाली खणा, नाहीतर भोवती बांध घालून पाणी उपसून टाका. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डे खाडीत स्कुल्डेलेव्हला व्हायकिंग काळाच्या अखेरीची पाच जहाजं होती, शत्रू आत येऊ नये म्हणून मुद्दाम दगड भरून बुडवलेली. १९६२ ला त्यांच्याभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकून पाणी काढलं आणि उन्हाळ्याच्या एका मोसमात सगळं खणून घेतलं. बांध घातला की काम फटाफट होतं पण त्या क्षणापासून घड्याळ चालू, कारण लाकूड हवेला लागलं.

वरची माती मशीनने काढायची ती फक्त लाकडाच्या अर्धा-पाऊण मीटर वरपर्यंत, पुढे हात. लोखंडी खुरपं, थापी, फावडं काही नको, लाकडावर ओरखडा उठतो आणि मग तो जुन्या सुताराच्या हत्याराचा की तुमचा हे कळत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्या, बांबूच्या चिपा, स्पंज, आणि कमी दाबाची पाण्याची नळी. जहाजावर पाय ठेवायचा नाही, आडव्या फळ्या टाकून लोकांनी त्यावर पालथं पडून काम करायचं, पाठ जाते पण इलाज नाही. वर सावलीला ग्रीन नेट, आणि जे लाकूड आत्ता उघडं आहे त्यावर सतत फवारा. शेतातले मायक्रो स्प्रिंकलर टायमरवर लावले तर माणूस अडकून पडत नाही. झाकायला ओला फोम आणि वरून प्लास्टिक. सोलापुरी टॉवेल ओले करून टाकायचा मोह आपल्या लोकांना होणारच, तासभर चालतील, पण सुती कापड म्हणजे सेल्युलोजच, चार दिवसांत सडून बुरशी जहाजाला देईल. उन्हाळ्यात काम काढूच नका, दिवाळीनंतर ते माघीपर्यंतचा काळ बरा.

निघालेला चिखल फेकायचा नाही. बारीक जाळीतून धुवायचा. धान्याचे दाणे, बोरं-मनुकांच्या बिया, माशाचे काटे, किड्यांचे पंख, उंदराची हाडं, फळ्यांच्या फटीत कोंबलेलं शेवाळ, केस किंवा लोकर हे सगळं त्यातच असतं आणि जहाज कुठून आलं, खलाशी काय खायचे ते याच्यावरून कळतं. तळातले दगड म्हणजे बॅलास्टसुद्धा नंबर घालून ठेवा, भूगर्भवाला ते कुठल्या किनाऱ्याचे ते सांगू शकतो.

मालाचं तर विचारूच नका. चीनमध्ये चुआनचौला १९७४ ला निघालेल्या १३ व्या शतकातल्या जहाजात सुगंधी लाकडं आणि मिरी होती. कोरियाच्या सिनान इथल्या जहाजात २८ टन चिनी नाणी निघाली, आणि मालावर बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्यांवर तारीख होती, त्यावरून १३२३ साल पक्कं झालं. सेर्चे लिमानच्या जहाजात तर तीन टन काच होती, बरीचशी फुटकी, वितळवून परत वापरायला नेत होते. भंगारवाले तेव्हाही होते.

नोंद: इथे आळस केला तर सगळं वाया

चिठ्ठ्यांवरून आठवलं. प्रत्येक लाकडाला नंबर, आणि तो नंबर कधीच बदलायचा नाही. प्लास्टिकचा टॅग, त्यावर खोदलेला किंवा उठवलेला आकडा, स्टेनलेसच्या टाचणीने लावलेला, तोही दोन ठिकाणी, एक गळून पडला तर दुसरा राहील. मार्करने लिहिलेलं वीस वर्षं पाण्यात टिकत नाही. टॅग नेहमी एकाच बाजूला, समजा पुढच्या टोकाला वरच्या अंगाला, म्हणजे निव्वळ टॅग बघून लाकूड कसं बसलं होतं ते कळतं.

मोजणी टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने करा. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलच्या पोरांना ते वापरता येतं, त्यांना बोलवा, खूश होऊन येतात. सोबत फोटोग्रामेट्री, म्हणजे भरपूर फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल. आधी पूर्ण जहाजाचं, मग एकेक थर काढल्यावर परत. ओल्या लाकडावर चमक येते, म्हणून उन्हात फोटो नको, ढगाळ किंवा सावलीत.

याचा सराव आत्ता, आज करता येतो. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात दुरुस्तीला उलटी घातलेली होडी दिसली की नावाड्याला विचारून एक सकाळ तिच्याजवळ काढा. "दादा, जरा मोजू का?" म्हटलं की नाही म्हणत नाहीत, उलट कुठली फळी कधी बदलली तेही सांगतात. चाळीस-पन्नास फोटो, टेपने आठ-दहा मापं, आणि घरी येऊन मॉडेल काढा. दुरुस्तीची फळी आणि मूळ फळी यातला फरक डोळ्याला कळायला लागला की जुन्या जहाजातली जोडकामंही ओळखता येतात.

उचलायचं कसं

तीन पर्याय. अख्खं उचला, मोठे तुकडे करून उचला, किंवा एकेक लाकूड सोडवून. अख्खं उचललेलं बघायचं तर नेदरलँड्समध्ये काम्पेनजवळ आयसेल नदीतून २०१६ च्या फेब्रुवारीत एक कॉग क्रेनने एकसंध वर काढलं, खालून पट्टे घालून भोवती पोलादी चौकट केली होती. दिसायला भारी, पण जहाज अख्खं ठेवलं की फळ्यांच्या मधल्या बाजू, खिळ्यांची भोकं, सुताराच्या खुणा झाकलेल्याच राहतात. मला विचाराल तर सोडवणं बरं, वेळ लागतो पण माहिती चौपट मिळते, आणि टाक्याही छोट्या पुरतात.

सोडवायचं ते बांधलं त्याच्या उलट क्रमाने. आधी आतलं फळ्यांचं अस्तर, मग लांबीचे पट्टे, मग बरगड्या, मग बाहेरच्या फळ्या, सगळ्यात शेवटी तळाचा कणा. लोखंडी खिळे बहुतेक गंजून दगड झालेले असतात, ओढायचे नाहीत, दोन लाकडांच्या मधे बारीक पातं घालून कापायचे. प्रत्येक फळीच्या खाली तिच्या लांबीइतकी दुसरी फळी, मधे फोम, पट्ट्याने बांधून मगच उचलायची. अशी ओली फळी स्वतःच्या वजनाने मोडते, दोघांनी दोन टोकं धरली की मधून गेलीच म्हणून समजा.

धुणं, क्षार, आणि वय

टाकीत गेल्यावर पहिले काही महिने नुसतं पाणी बदलत राहायचं. समुद्राचं असेल तर मीठ निघेपर्यंत, कंडक्टिव्हिटी मीटरने आकडा बघत बघत. लोखंड आणि गंधक ही जास्त मोठी डोकेदुखी. स्वीडनचं वासा जहाज मध्ययुगीन नाही, १६२८ चं आहे, पण त्याने सगळ्यांना धडा दिला. १९६१ ला वर काढलं, वर्षानुवर्षं फवारून जतन केलं, आणि २००० च्या सुमाराला म्युझियममध्ये उभ्या जहाजावर पांढरे-पिवळे डाग यायला लागले. लाकडात मुरलेल्या गंधकाचं लोखंडाच्या संगतीने सल्फ्युरिक ॲसिड व्हायला लागलं होतं. म्हणून हल्ली आधीच अमोनियम सायट्रेटसारख्या द्रावणात ठेवून लोखंड शक्य तेवढं काढून घेतात.

याच टप्प्यात वय काढायचे नमुने घ्या, रसायन मुरल्यावर कार्बन डेटिंगचा घोळ होतो, कारण रसायनातही कार्बन असतो. वलयांवरून तारीख काढायची तर सालीलगतचं शेवटचं वलय असलेला तुकडा शोधा, त्यावरून झाड कुठल्या साली तोडलं ते कळतं. न्यूपोर्टच्या जहाजाच्या कण्यात बांधताना शुभशकुन म्हणून एक फ्रेंच नाणं बसवलं होतं, १४४७ चं, आणि पुढे लाकडाची वलयं बास्क प्रदेशातल्या ओकशी जुळली, साल निघालं १४४९. सुरुवातीला नाण्यावरून जहाज फ्रेंच असेल असं वाटत होतं. आपल्याकडे सागवानाला वलयं चांगली येतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे, त्यामुळे ही पद्धत इथे चालते.

मग प्रत्येक लाकडाचं एकास एक चित्र. पूर्वी पारदर्शक पॉलिस्टर फिल्म लाकडावर ठेवून गिरवायचे, आता टोकाने स्पर्श करून बिंदू घेणारा डिजिटल आर्म वापरतात. आर्म महाग आहे. फिल्म स्वस्त आहे, आणि मला वाटतं गिरवणाऱ्याला लाकूड जास्त कळतं. लोखंडी खिळा एका रंगात, लाकडी खिळा दुसऱ्या, हत्याराच्या खुणा तिसऱ्या, ठरवाल ते रंग पण सगळ्यांनी तेच. साध्या कागदावर काढू नका, दमटाने कागद फुगतो आणि पाच मीटरच्या फळीत माप हलतं.

पेगची अंघोळ

आता पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं जे वाळत नाही. ते म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, सगळे त्याला पेगच म्हणतात, मलमात आणि क्रीममध्येही असतं, विषारी नाही. घरी मोरावळा केला असेल तर हे लगेच कळेल. आवळे एकदम घट्ट पाकात टाकले तर सुरकुततात, कारण आतलं पाणी भसकन बाहेर येतं आणि पाक आत जायला वेळच मिळत नाही, म्हणून आधी पातळ पाक, मग हळूहळू घट्ट. पेगचंही अगदी तेच, पाच-दहा टक्क्यांपासून सुरू करून महिन्यामहिन्याने वाढवत न्यायचं.

पेगचे प्रकार रेणूच्या वजनावरून. २०० वालं पातळ, बारीक रेणू, धड राहिलेल्या लाकडाच्या आत शिरतं. ३०००-४००० वालं मेणासारखं, पोकळ झालेल्या लाकडाला भरून काढतं. एकाच फळीचा गाभा धड आणि बाहेरची साल सडकी असं असतं, म्हणून ब्रेमेनच्या कॉगला दोन टप्प्यांत दिलं, आधी २०० वालं गाभ्यासाठी, मग ३००० वालं बाहेरच्या थरासाठी. त्यांनी अजून एक उलटं काम केलं, आधी सगळं जहाज ओल्यातच जोडलं, १९७२ ते १९७९, हॉलमध्ये सतत पाण्याचे फवारे आणि धुकं, सुमारे दोन हजार तुकडे, आणि मग त्या उभ्या जहाजाभोवती टाकी बांधून पेग भरलं. फायदा असा की ओलं लाकूड थोडं वाकतं, जोड बसतात. तोटा म्हणजे टाकी जहाजाएवढी लागते.

बाकीचे बहुतेक जण आधी सुटी लाकडं जतन करून मग जोडतात. त्यात पेग थोडं कमी द्यायचं आणि शेवटी फ्रीज ड्राय करायचं, म्हणजे लाकूड गोठवून निर्वात टाकीत ठेवायचं. बर्फाची सरळ वाफ होते, मधे पाण्याची अवस्था येतच नाही, त्यामुळे पृष्ठताण नाही आणि नळ्या कोसळत नाहीत. लाकूड हलकं आणि नैसर्गिक रंगाचं राहतं, नुसत्या पेगने काळपट, मेणचट होतं.

सरावाला पुरावस्तू लागत नाही. जुन्या विहिरीत बरीच वर्षं बुडालेलं बाभळीचं ओंडकं मिळालं तर त्याचे सारखे तीन तुकडे करा. एक उन्हात, एक सावलीत हळूहळू, एक पेगमधून. आधी दोन टाचण्या टोचून त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवा आणि वाळल्यावर परत मोजा. कॉलेजच्या पोरांना यापेक्षा चांगलं प्रोजेक्ट मी तरी बघितलेलं नाही.

जोडणी: आधी पुठ्ठा

खऱ्या लाकडाला हात लावायच्या आधी एकास दहा मॉडेल. प्रत्येक फळीचं चित्र दहापट लहान करून पुठ्ठ्यावर चिकटवायचं, तीन सेंटीमीटरच्या फळीला तीन मिलिमीटरचा पुठ्ठा, खिळ्यांच्या भोकांसकट कापायचं आणि भोकातून टाचण्या घालून एकमेकांना जोडत जायचं. चिखलात दबून जहाज चपटं झालेलं असतं, त्यामुळे खणताना दिसलेला आकार खोटा असतो. पण शेजारच्या दोन फळ्यांची भोकं एकमेकांसमोर आणली की वाक आपोआप यायला लागतो, जहाज स्वतःच सांगतं मी कसं होतो. न्यूपोर्टवाल्यांनी हेच डिजिटल मोजमापावरून थ्रीडी प्रिंट केलेल्या तुकड्यांनी केलं. सुतारकाम येणारा मिस्त्री इथे बसवाच, कुठला जोड ताणात आहे हे त्याला बोटाने कळतं, आपल्याला सॉफ्टवेअर लागतं.

जे मिळालं ते आणि जे आपण अंदाजाने भरलं ते, दोन्ही वेगळ्या रंगात. एका बाजूची फळी मिळाली तर दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी धरता येते, हा जरा पक्का अंदाज. डोलकाठी किती उंच, शीड केवढं, हा कच्चा अंदाज. सेर्चे लिमानच्या जहाजाचा साधारण पाचवा हिस्साच लाकूड उरलं होतं, तरी आकार निघाला, कारण बरगड्या ठराविक मापाच्या पटीत बसवलेल्या होत्या. मॉडेलवरून मग किती टन माल, किती पाण्यात बुडणार, किती कललं की उलटणार हे गणित करता येतं.

खऱ्या लाकडांसाठी बाहेरून पोलादी पाळणा करायचा ज्याचे आधार पुढेमागे सरकवता येतील. जुनी भोकंच वापरायची, नवीन भोक पाडायचं नाही, लोखंडी बोल्ट नकोच. हॉलची आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर, आपल्या हवेत वर्षभर ते ठेवायचं म्हणजे एसी आणि ह्युमिडिफायर दोन्ही, आणि लाईट गेली तर जनरेटर. दर काही महिन्यांनी त्याच ठराविक बिंदूंची मोजणी, कारण पेग भरलेलं लाकूड जड आणि मऊ असतं, वजनाने खाली बसत जातं.

पाण्यावर जाणारी प्रतिकृती

मूळ जहाज म्युझियममध्ये, आणि त्याच्यावरून बांधलेलं नवीन जहाज पाण्यात. स्कुल्डेलेव्हच्या मोठ्या मालवाहू जहाजाची प्रतिकृती ओटार नावाने बांधली, लहानाची रोर एगे. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या ९ व्या शतकातल्या शिवलेल्या जहाजावरून ज्वेल ऑफ मस्कत बांधलं, एकही खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या, आणि ते २०१० ला ओमानहून कोचीमार्गे सिंगापूरला गेलं. आणि आपल्या नौदलाचं कौंडिण्य, अजिंठ्याच्या लेण्यातल्या ५ व्या शतकातल्या चित्रावरून, केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली शिवलेलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. अजिंठाही समुद्रापासून लांबच की हो.

शिवायची पद्धत थोडक्यात अशी. फळ्या कडेला कड लावून, दोन्हींत समोरासमोर भोकं, आतून काथ्याची जाड वात ठेवून वरून काथ्याच्या दोरीने आवळत जायचं, भोकं काथ्याने आणि राळेने बुजवायची. शिवणीला लवचिकपणा असतो, लाटेच्या दणक्याने फळी तडकत नाही. पण दोरी सडते, म्हणून शिवण परत परत करावी लागते.

शिडाबद्दल मात्र मी सोलापूरकर म्हणून दोन शब्द जास्त बोलणार. जहाजाचं लाकूड मिळतं, शीड जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि प्रतिकृती करणारे लोक बऱ्याचदा मिळेल ते कॅनव्हास लावून मोकळे होतात. डेन्मार्कवाल्यांनी तसं केलं नाही, रोर एगेला जुन्या जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीचं शीड विणलं, चरबीसारखे पदार्थ चोळून त्यातली छिद्रं बुजवली. ताणा किती पिळाचा, बाणा किती सैल, इंचात धागे किती यावर जहाज वाऱ्याला किती जवळून जाईल ते ठरतं. पश्चिम किनाऱ्याच्या जहाजाची प्रतिकृती कुणी काढली तर सुती शिडाच्या नमुन्याचे पट्टे आपल्या मागावर वेगवेगळ्या पिळाचे काढून बघता येतील. एक पट्टा कोरडा, एक मिठाच्या पाण्यात महिनाभर भिजवलेला, एक तेल-राळ लावलेला, तिन्हींची ताणून तुटायची ताकद आणि हवा किती आरपार जाते ते टेक्स्टाईलच्या लॅबमध्ये मोजायचं. तेरची, म्हणजे जुन्या तगरची, कापडं गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायची हे पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात लिहिलेलं आहे, तेव्हा आपल्या भागाचा जहाजांशी संबंध कापडातूनच होता.

पट्टा किमान हातभर रुंद आणि दोन मीटर लांब काढा, कडेचे धागे मोजणीत धरू नका, आणि प्रत्येक पट्ट्याला नंबर घाला, तोही प्लास्टिकच्या टॅगवर.